दोन्ही खांदे फाटलेले, दुखतो मात्र एकच

प्रश्न : माझं वय ५४. राहायला ओवे गावात. पंचवीस-तीस वर्षं रंगकाम करतोय, खारघर-तळोजा-कामोठ्याच्या इमारतींत. गेल्या दिवाळीआधी कामाची घाई होती. सिलिंगला पुट्टी मारता मारता उजवा हात जड वाटायला लागला आणि पुढे दुखायलाच लागला. आता शर्टाच्या बाहीत हात घालताना कळ येते, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. घरचे म्हणतात नस चढली. शेवटी सोनोग्राफी केली. डॉक्टरांनी तुलनेसाठी डावा खांदाही पाहिला. रिपोर्ट असा : उजव्या खांद्याच्या टेंडनला अर्धवट फाट, डाव्याच्या टेंडनला छोटी पण आरपार फाट. माझा डावा खांदा आयुष्यात कधी दुखलेला नाही! नावं उलटसुलट झाली असतील म्हणून परत गेलो, तर म्हणाले, रिपोर्ट बरोबर आहे. मग दुखतं ते नक्की काय? दुखणं खांदा सोडून दंडात का, आणि रात्रीच का जोर करतं? मला शुगर आहे, त्याचा काही संबंध? सचिन तेंडुलकरच्या खांद्याचंही ऑपरेशन झालं होतं, ते हेच का?
– एक वाचक, ओवे, ता. पनवेल

उत्तर : रिपोर्ट बरोबर असणार. तुमच्यासारखी माणसं भरपूर आहेत, पण न दुखणारा खांदा तपासायला कोण जातो? जपानमधल्या काही डॉक्टरांनी ते काम केलं. दवाखान्यात आलेले रुग्ण न घेता त्यांनी एका गावातल्या ६६४ रहिवाशांचे खांदे सोनोग्राफीने पाहिले. २०१३ साली त्यांचे आकडे छापून आले. २२.१ टक्के लोकांच्या टेंडनला आरपार फाट होती आणि त्यातल्या जवळजवळ दोन तृतीयांश लोकांची काही तक्रारच नव्हती. पन्नाशीच्या आतल्या कोणातही अशी फाट सापडली नाही. ऐंशीच्या घरातल्या लोकांत मात्र तिघांमागे एकाहून जास्त जणांत ती होती. दुसरीकडे अमेरिकेत जवळपास चारशे रुग्णांची फाट आणि त्यांचं दुखणं ताडून पाहिलं गेलं. मोठी फाट म्हणजे जास्त दुखणं, असं काही त्यातून निघालं नाही.

तेव्हा ‘टेंडन फाटलं म्हणून दुखतंय’ हे वाक्य आपण सगळे, काही डॉक्टरसुद्धा, जितक्या सहज बोलतो तितकं ते खरं नाही. फाट आणि दुखणं एकाच खांद्यात राहतात, एकमेकांवर परिणामही करतात, पण ती एकच गोष्ट नाही. दुखणं कुठून येतं हे समजायला आधी आतली जागा पाहू.

उजव्या हाताचं बोट डाव्या खांद्याच्या अगदी टोकावर ठेवा. टणक हाड लागेल. ते पाठीवरच्या फऱ्याच्या हाडाचं पुढे आलेलं टोक, त्याला ॲक्रोमियन म्हणतात. आता बोट जरासं खाली, बाहेरच्या बाजूला सरकवा आणि डावा हात कोपरातून वाकवून आत-बाहेर फिरवा. बोटाखाली जे हलतंय तो दंडाच्या हाडाचा गोल माथा. वरचं टोक आणि हा माथा यांच्यात जेमतेम एक सेंटिमीटरची फट असते. त्या फटीतून सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूचं टेंडन, म्हणजे कंडरा, जातं आणि माथ्याला चिकटतं. असे एकूण चार स्नायू आहेत. माथा ज्या खोबणीत बसतो ती खोबण इतकी उथळ आहे, की हे चौघे त्याला चारी बाजूंनी आवळून धरतात म्हणूनच तो जागेवर राहतो. या चौघांच्या टेंडन्सचं मिळून जे आवरण होतं ते रोटेटर कफ. टेंडन आणि वरचं हाड यांच्यामध्ये एक पातळ, बुळबुळीत पिशवी असते, ती बर्सा. घर्षण होऊ नये एवढंच तिचं काम. तिच्याकडे पुन्हा यायचंच आहे.

आता टेंडन. पांढरंशुभ्र, चिवट, कोलॅजनच्या समांतर तंतूंचं. पेशी मोजक्या, रक्तवाहिन्या त्याहून कमी. हे अंग किती सावकाश बदलतं याचा एक विलक्षण पुरावा डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दिला. १९५०-६० च्या दशकांत उघड्यावर अणुबॉम्बच्या चाचण्या झाल्या तेव्हा हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला. पुढे चाचण्या थांबल्या आणि तो वर्षागणिक कमी होत गेला. त्यामुळे शरीरातलं एखादं ऊतक कोणत्या वर्षांत बनलं, हे त्यातल्या कार्बनवरून सांगता येतं. टाचेमागच्या टेंडनचा गाभा त्यांनी असा तपासला, तेव्हा तो माणूस सतरा-अठरा वर्षांचा होईपर्यंतच बनलेला निघाला, त्यानंतर त्याचं नूतनीकरण जवळजवळ नाहीच. खांद्याचं टेंडन हुबेहूब तसंच वागतं असा याचा अर्थ नाही. पण टेंडन फाटलं की चामडीच्या जखमेसारखं आठवड्याभरात भरून यावं, ही अपेक्षा का फोल आहे ते यावरून कळेल.

महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. निरोगी टेंडनच्या गाभ्यात वेदना वाहून नेणारे मज्जातंतू जवळपास नसतातच. ते असतात बाहेरच्या आवरणात, स्नायूला जिथे जोड आहे तिथे, आणि बर्सात. त्यामुळे एखादं टेंडन वर्षानुवर्षं हळूहळू विरत गेलं तर मेंदूला खबर द्यायला आत कोणीच नसतं. तुमच्या डाव्या खांद्याचं बहुधा असंच झालंय. काम उजव्या हाताने, डावा आधाराला. वयानुसार तो सावकाश झिजला, एक छोटं भोक पडलं, बाकीच्या तीन स्नायूंनी माथा धरून ठेवला, बर्सा शांत राहिली. तक्रार करण्यासारखं काही घडलंच नाही.

उजव्याची गोष्ट वेगळी. घोड्यावर, म्हणजे रंगाऱ्याच्या उंच स्टुलावर, उभं राहून, मान मागे टाकून, पुट्टीचा पत्रा छताला दाबत फिरवायचा म्हणजे हात तासन् तास खांद्याच्या वर. हात असा वर धरला की सुप्रास्पायनेटस स्नायूच्या आतला दाब वाढतो आणि त्याचा रक्तपुरवठा घटतो, हे स्वीडनमध्ये १९८० च्या दशकात मोजून दाखवलं गेलं आहे. एखाद्या दिवशी याने काही बिघडत नाही. दिवाळीच्या तोंडावर, मधे विश्रांती न देता, रोजच्या रोज केलं की टेंडनमधल्या पेशी वेगळं वागायला लागतात. लांबट असतात त्या गोलसर होतात, कोलॅजन घाईघाईने आणि हलक्या प्रतीचं बनवतात, तंतूंची शिस्त मोडते, मधे पाणी धरून ठेवणारे रेणू साठतात, टेंडन जाड होतं. आणि मग दुरुस्तीच्या नावाखाली नव्या बारीक रक्तवाहिन्या आत शिरतात, त्यांच्या सोबतीने मज्जातंतूही. जिथे वेदनेची वायरिंगच नव्हती तिथे ती येते. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हा सर्वात चमत्कारिक भाग आहे : शरीराने बरं करण्यासाठी उचललेलं पाऊलच दुखण्याची सोय करतं.

मज्जातंतू आले तरी त्यांना चेतवणारं काही हवं. ते काम रसायनं करतात. स्वीडनच्या उमेओ शहरातले डॉक्टर होकान आल्फ्रेडसन यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीला टाचेच्या दुखऱ्या टेंडनमध्ये अतिशय बारीक नळी घालून आतला द्रव तपासला. तोवर समज असा होता, की टेंडन दुखतं म्हणजे तिथे दाह असतो आणि दाहात सापडणारं प्रोस्टाग्लँडिन तिथे भरपूर असणार. ते वाढलेलं सापडलंच नाही. वाढलेलं सापडलं ते ग्लुटामेट, मज्जासंस्थेत निरोप पोचवणारं आणि वेदना तीव्र करणारं रसायन.

खांद्याबाबत तुमच्या प्रश्नाचं थेट उत्तर वाटावं असं काम जपानमध्ये १९९८ च्या सुमारास झालं. मज्जातंतूंच्या टोकांतून ‘सबस्टन्स पी’ नावाचं एक रसायन झिरपतं. ते वेदनेचा निरोप पुढे ढकलतं, शिवाय आजूबाजूच्या रक्तवाहिन्या सैलावून सूजही आणतं. ऑपरेशनच्या वेळी काढलेल्या बर्सात हे किती आहे ते मोजलं गेलं. ज्याच्या बर्सात ते जास्त, त्याचं दुखणं जास्त. आणि ज्यांच्या टेंडनला आरपार भोक नव्हतं त्यांच्या बर्सात ते भोक पडलेल्यांपेक्षा जास्त निघालं! अर्धवट फाट कित्येकदा पूर्ण फाटीपेक्षा जास्त छळते, हे खांद्याचे सर्जन पूर्वीपासून सांगत आले होतेच. अर्धवट फाटलेल्या टेंडनमध्ये उरलेल्या तंतूंवर ताण एकवटतो, हात उचलला की प्रत्येक वेळी फाटीच्या कडा ओढल्या जातात, आणि वर बसलेली बर्सा, जिच्यात मज्जातंतूंची टोकं दाट आहेत, तिला ती चिथावणी रोज मिळत राहते. तुमचा उजवा दुखतो आणि डावा नाही, ते यामुळे.

मग दाह असतो की नसतो? या प्रश्नावर तज्ज्ञांची गाडी चाळीस वर्षांत दोनदा फिरली आहे आणि इथेच तुमचा सचिन येतो. सचिनच्या खांद्यावर मार्च २००६ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, तो वेस्ट इंडिजच्या दौऱ्याला मुकला आणि सप्टेंबरमध्ये क्वालालंपूरला वेस्ट इंडिजविरुद्धच नाबाद १४१ करून परतला. पण आपल्या विषयाला जास्त उपयोगी आहे ती त्याच्या कोपराची कथा. २००४ मध्ये टेनिस एल्बोमुळे ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या मालिकेतले पहिले दोन कसोटी सामने तो खेळू शकला नाही, नागपूरच्या तिसऱ्या कसोटीत उतरला, आणि २००५ च्या मेमध्ये त्या कोपराचंही ऑपरेशन करावं लागलं. तेव्हा गल्लोगल्ली लोक टेनिस एल्बोवर मतं देत होते. हा विकारही टेंडनचाच, फक्त कोपराच्या बाहेरच्या बाजूचा. पूर्वी तो म्हणजे टेंडनचा दाह, असं जवळजवळ सगळे डॉक्टर धरून चालत. १९७९ मध्ये नर्शल आणि पेट्रोन या अमेरिकी सर्जननी ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तर दाहाच्या नेहमीच्या पेशी तिथे नव्हत्याच. होते ते विस्कटलेले तंतू आणि अस्ताव्यस्त वाढलेल्या रक्तवाहिन्या. त्यानंतर हळूहळू मत उलटं झालं : दाह नाही, ही झीज आहे.

ते मतही पूर्ण टिकलं नाही. ऑपरेशनपर्यंत पोचलेलं टेंडन म्हणजे आजाराचा शेवटचा टप्पा. नव्या शतकात संशोधकांनी लवकरच्या टप्प्यातले नमुने मिळवले, तेव्हा तिथे दाहाच्या पेशी सापडल्या. ऑक्सफर्डच्या गटाने २०१५ मध्ये दाखवलेली गोष्ट त्याहून पुढची आहे. दुखऱ्या टेंडनमधून घेतलेल्या पेशींना प्रयोगशाळेत दाहाची थोडी चिथावणी दिली तर त्या निरोगी टेंडनच्या पेशींपेक्षा जास्त भडकतात. मागच्या दुखण्याची आठवण त्या पेशींत राहते म्हणा. दोन महिने बरं वाटलं म्हणून पुन्हा सिलिंगला भिडलं आणि आठवड्यात खांदा पूर्वीसारखा ठणकायला लागला, असं का होतं, याचा काही भाग इथे असावा.

आता दंडाचं. दंड दुखतो पण दंडात काही नाही, हे ऐकून माणसं चिडतात. तुम्हाला मात्र हे समजावणं सोपं आहे. फ्लॅटच्या भिंतीवर ओल दिसते तिथेच पाइप फुटलेला असतो का? गळती कुठल्या तरी वरच्या बाथरूमला असते आणि रंगाला फुगे येतात खालच्या हॉलमध्ये. रोटेटर कफ आणि बर्साचे मज्जातंतू मानेतल्या पाचव्या-सहाव्या मणक्यांच्या पातळीला मज्जारज्जूत शिरतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूच्या त्वचेचे तंतूही तिथेच पोचतात. खोल अवयवांकडून आलेला निरोप नेमका कुठला, हे ओळखण्यात मेंदू कच्चा आहे. त्वचेचे निरोप त्याच्या रोजच्या ओळखीचे, म्हणून तो दुखणं दंडावर नोंदवतो. त्यामुळे दंडाला कितीही बाम चोळला तरी मूळ ठिकाणी काही पोचत नाही. (चोळल्याने थोडा वेळ बरं वाटतं, ते खरं. स्पर्शाचे निरोप वेदनेच्या निरोपांना मज्जारज्जूतच काही अंशी अडवतात.)

दुखणं महिनोन् महिने राहिलं की मज्जारज्जूही बदलतो. सतत येणाऱ्या निरोपांनी तिथल्या पेशी हळव्या होतात, साध्या स्पर्शालाही कळ समजायला लागतात. ऑक्सफर्डमध्येच २०११ मध्ये खांद्याच्या ऑपरेशनआधी रुग्णांची ही हळवेपणाची चाचणी केली गेली. ज्यांची त्वचा जास्त हळवी झाली होती, ज्यांचं दुखणं हातात खालपर्यंत पसरलं होतं, त्यांना ऑपरेशननंतर तीन महिन्यांनी तुलनेने कमी आराम होता. खांद्यातलं काहीही दुरुस्त केलं तरी मज्जारज्जूची सवय लगेच सुटत नाही. म्हणून दुखणं ‘मनाचं’ आहे असं कोणी म्हणालं तर ऐकून घेऊ नका. ते मज्जासंस्थेचं आहे, आणि मज्जासंस्था शरीरातच असते.

रात्रीचं कोडं पूर्ण उलगडलेलं नाही. त्या कुशीवर झोपलं की आधीच चिडलेली बर्सा दाबली जाते, हे उघड कारण. पण पाठीवर झोपूनही बऱ्याच जणांना ठणका लागतो. दाह आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक मध्यरात्रीच्या सुमाराला सर्वात कमी असतं. दिवसा कामात, गप्पांत, टीव्हीत वाटून गेलेलं लक्ष रात्री एकट्या खांद्यावर येतं. आणि झोप मोडली की दुसऱ्या दिवशी वेदना सहन करण्याची ताकद घटते, मग त्या रात्री पुन्हा तेच. काहींना पाठीवर झोपून कोपराखाली लहान उशी घेतली की फरक पडतो.

शुगरचा संबंध आहे. रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजनच्या तंतूंना चिकटते, त्यांच्यात नको ते जोड तयार होतात, टेंडनची लवचीकता आणि दुरुस्तीची क्षमता उतरते. मधुमेह्यांत रोटेटर कफचे विकार इतरांपेक्षा जास्त दिसतात आणि खांदा आखडणं तर कितीतरी जास्त. तंबाखू, विडी, सिगारेट यांनीही टेंडनचा आधीच तोकडा असलेला रक्तपुरवठा आणखी आवळला जातो. तुम्ही पत्रात त्याबद्दल काही लिहिलं नाहीत, मी विचारतही नाही.

तुम्ही उपचार विचारले नाहीत, तरी कारणं कळल्यावर उपचारांकडे पाहण्याची नजर बदलते, म्हणून थोडं. अमेरिकी सर्जन चार्ल्स नीअर यांनी १९७२ मध्ये मांडलं, की वरचं हाड टेंडनवर घासतं आणि त्यातून सगळा त्रास होतो. म्हणजे ते हाड खालून थोडं तासलं की काम झालं. जगभर लाखो खांदे असे तासले गेले. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात ब्रिटनमधल्या ३१३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. काहींचं हाड खरोखर तासलं, काहींच्या खांद्यात फक्त दुर्बीण घालून बाहेर काढली, आणि कोणाचं काय केलं हे रुग्णाला सांगितलं नाही. दोन्ही गटांना सारखाच आराम पडला. तिसऱ्या, काहीच न केलेल्या गटापेक्षा ते थोडे बरे होते, पण तो फरक नजरेत भरण्याइतका नव्हता. हाड घासतं एवढंच कारण असतं तर असं झालं नसतं.

स्टिरॉइडचं इंजेक्शन बर्साचा दाह विझवतं आणि झटपट उतार देतं. झोपच लागत नसेल तर एखादं घेण्यात गैर नाही, डॉक्टरांनी शुगर पाहून ठरवावं, कारण ते घेतल्यावर काही दिवस साखर चढते. पण दर दोन महिन्यांनी इंजेक्शन घेऊन छत रंगवत राहणं हा उपाय नाही. दुखणं थांबतं, टेंडनवरचा भार थांबत नाही. टेनिस एल्बोवरच्या चाचण्यांत तर इंजेक्शन घेतलेले लोक पहिले काही आठवडे मजेत आणि वर्षअखेरीला न घेतलेल्यांपेक्षा मागे, असं दिसलं आहे.

उरतो तो व्यायाम, आणि तो ऐकायला फार मिळमिळीत वाटतो हे मान्य. टेंडनच्या पेशींना ताण कळतो. मोजून-मापून, हळूहळू वाढवत दिलेला ताण त्यांना चांगलं कोलॅजन बनवायला लावतो आणि मज्जासंस्थेलाही हळूहळू पटतं की हात हलवण्यात धोका नाही. मघाशी उल्लेख केलेल्या आल्फ्रेडसन यांची गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांची स्वतःची टाच दुखायची. ऑपरेशन करून घ्यायचं होतं, पण वरिष्ठ परवानगी देईनात. तेव्हा टेंडन एकदाचं तुटू दे, मग ऑपरेशन करावंच लागेल, अशा इर्षेने त्यांनी टाचेवर वजन घेऊन जोरदार व्यायाम सुरू केला, आणि दुखणंच गेलं. हा प्रयोग घरी करू नका. पण त्यातून टेंडनच्या व्यायामाची एक अख्खी पद्धत उभी राहिली. खांद्याबाबत अमेरिकेत मार न लागता झालेल्या आरपार फाटीच्या चारशेहून अधिक रुग्णांना आधी फिजिओथेरपी दिली गेली. दोन वर्षांत साधारण चौघांपैकी एकानेच ऑपरेशन करून घेतलं. बाकीच्यांची फाट शिवली गेली नव्हती, होती तशीच होती. दुखणं गेलं होतं.

कामाच्या जागी : घोडा उंच घ्या, म्हणजे हात फार ताणून वर न्यावा लागणार नाही. रोलरला लांब दांडा लावून दोन्ही हातांनी चालवा. सिलिंगचं काम सलग दिवसभर न ठेवता मधे भिंती, दारं घ्या. उजवा दुखतोय म्हणून सगळं डाव्यावर ढकलू नका, त्याची हकीकत तुम्हाला आता माहीत आहे. सेंट लुइसमधल्या डॉक्टरांनी अशा न दुखणाऱ्या फाटींवर काही वर्षं नजर ठेवली, तेव्हा जवळपास निम्म्या लोकांना पुढे दुखायला लागलं, आणि ज्यांची फाट वाढली त्यांना जास्त. म्हणजे फाटीला अगदीच मोडीत काढता येत नाही. आणि कोणी हात झटक्याने ओढून ‘नस बसवून’ देतो म्हणाला तर त्याला लांबूनच नमस्कार करा.

काही वेळा मात्र थांबू नये. पडल्यावर किंवा जड वस्तू उचलताना एकदम कळ येऊन हात वर जायचाच बंद झाला, तर ती ताजी फाट असू शकते आणि ती लवकर शिवलेली बरी. खांदा दुखतोय आणि सोबत ताप, वजन घटणं किंवा बोटांना मुंग्या असतील तर कारण दुसरं असू शकतं. डावा खांदा किंवा हात दुखून घाम फुटला, छाती भरून आली, तर खांद्याच्या डॉक्टरांकडे न जाता थेट मोठ्या रुग्णालयात.

याच विषयावर आणखी दोन पत्रं आली आहेत.

प्रश्न : आईचा खांदा आखडलाय. फ्रोझन शोल्डर म्हणतात. म्हणजे तिचंही टेंडन फाटलं का? – एक वाचक, कामोठे

उत्तर : बहुधा नाही. त्यात टेंडन ठीक असतं, सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आकसतं. आधी दाह, मग तिथल्या पेशी आवरण आवळत जातात. ओळखायची एक खूण : आईचं कोपर कमरेला टेकवून तिचा हात तुम्ही स्वतः हळूच बाहेर वळवून पाहा. टेंडनच्या दुखण्यात स्वतः हात उचलणं अवघड असतं, पण दुसऱ्याने वळवला तर बऱ्यापैकी वळतो. आखडलेल्या खांद्यात कोणीही वळवला तरी तो अडतो. हे नाव बॉस्टनचे डॉक्टर कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिलं आणि तेव्हाच त्यांनी लिहून ठेवलं होतं की हा आजार व्याख्येत बसवायला, समजावायला आणि बरा करायला अवघड. बहुतेकांचं दुखणं एक ते तीन वर्षांत ओसरतं, थोडा ताठरपणा काहींत राहतो. आईची शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या.

प्रश्न : एका रात्रीत खांदा असा पेटला की पहाटे दवाखाना गाठावा लागला. एक्स-रेत टेंडनमध्ये कॅल्शियमचा खडा दिसला. दूध आणि कॅल्शियमच्या गोळ्या बंद करू का? – एक वाचक, नवीन पनवेल

उत्तर : नको. हा कॅल्शियम खाण्यातून येऊन साचलेला नसतो, टेंडनमधल्या पेशींचं काम बदलल्यामुळे तो तिथेच तयार होतो. तीस ते पन्नास वयात, बायकांत थोडा जास्त. गंमत अशी की खडा तयार होत असतो तेव्हा फारसा त्रास नसतो, कित्येकांना पत्ताही लागत नाही. असह्य दुखतं ते शरीर तो विरघळवायला घेतं तेव्हा. खाऊन साफ करणाऱ्या पेशी तिथे गोळा होतात, नव्या रक्तवाहिन्या येतात, टेंडनच्या आत दाब वाढतो, खडूच्या लगद्यासारखा तो कॅल्शियम कधी फुटून बर्सात सांडतो आणि ती भडकते. तुम्हाला ती रात्र जड गेली, पण एक्स-रेतला खडा त्याच सुमाराला जायला लागलेला असण्याची शक्यता मोठी आहे. बर्फाचा शेक आणि डॉक्टरांनी दिलेली दाहावरची गोळी घ्या, थोडे दिवस हात जपा. काही आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढला की कळेलच. कॅल्शियमच्या गोळ्या हाडांसाठी लिहून दिल्या असतील तर चालू ठेवा.